राजमाचीच्या फोटोतला हिरवा उजेड, आणि त्यावरून अडीचशे किलोमीटर वरचा वारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: फेब्रुवारीत राजमाचीला रात्री काढलेल्या फोटोत क्षितिजाच्या वर हिरवट पट्टे आले, आधी वाटलं लोणावळ्याचे लाइट असतील, मग कोणीतरी सांगितलं की हा एअरग्लो, म्हणजे वरच्या हवेचा स्वतःचा उजेड, आहे आणि याच्यावरून शंभर-अडीचशे किलोमीटर वरचा वारा आणि तापमान मोजतात. तर हे खरं का, तिथे हवाच नाही तर वारा कसला, आणि पुण्यात बसून आपल्या कॅमेऱ्याने हे जमेल का?

खरं आहे. मी बरीच वर्षं हेच काम केलंय, म्हणजे रात्र रात्र डोमखाली मशीन चालवणं आणि सकाळी डेटा बघून कपाळावर हात मारणं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हवेचं बघू. "तिथे हवाच नाही" हे अर्धंच खरं. २५० किमीवर हवा आपल्या इथल्यापेक्षा अब्जावधी पटींनी विरळ आहे, पण आहे, आणि जी आहे ती मुख्यतः सुट्टा ऑक्सिजन, म्हणजे जोडी तुटलेला एकेकटा अणू. सॅटेलाइटला हळूहळू खाली ओढते ती हीच हवा. आणि ती वाहते, चांगली सेकंदाला १०० मीटर वगैरे वाहते, कारण दिवसाच्या बाजूला सूर्याने तापून फुगलेली हवा रात्रीच्या थंड बाजूकडे ढकलली जाते. पंचाईत अशी की तिथे पोचायचं कसं? हवामान खात्याचा बलून ३०-३५ किमीला फुटतो. सॅटेलाइट दोनशेच्या खाली फार काळ टिकत नाही. मधल्या पट्ट्यात रॉकेट जातं, पण ते काही मिनिटांचं काम, आणि रोज रात्री रॉकेट कोण सोडणार.

रॉकेटवरून आठवलं, २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंबाहून आपलं पहिलं रॉकेट उडालं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात काय भरलं होतं हे विचारलं की लोक गप्प. त्यात सोडियमची वाफ होती. संध्याकाळी वर नेऊन सोडायची, खाली अंधार पडत आलेला पण वर ऊन, त्यात तो ढग नारिंगी चमकतो, आणि वारा त्याला कसा ओढत नेतो त्याचे खालून फोटो काढायचे. म्हणजे भारताचा अवकाश कार्यक्रम सुरूच झाला तो वरचा वारा मोजण्यापासून. एअरग्लोवाले आम्ही तेच करतो, फक्त ढग आम्ही सोडत नाही, निसर्गाने तो आधीच रोजच्या रोज सोडलेला असतो.

आता हा उजेड येतो कुठून. दिवसा सूर्याचं अतिनील ऊन ऑक्सिजनचे रेणू तोडतं, ती ऊर्जा साठून राहते आणि रात्रभर हळूहळू बाहेर पडते. तुमच्या फोटोतला हिरवा म्हणजे ५५७.७ नॅनोमीटरची ऑक्सिजनची रेषा (एकाच नेमक्या रंगाच्या उजेडाला आम्ही रेषा म्हणतो), साधारण ९७ किमीवरून येणारी. तिथे सुटे अणू एकमेकांना भेटून परत जोड्या जमवतात आणि त्या व्यवहारातली ऊर्जा तिसऱ्याच अणूच्या पदरात पडते, तो हिरवा चमकतो. दुसरी लाल, ६३०.० नॅनोमीटर, ती २५० किमीच्या आसपास, तिथे विद्युतभारित ऑक्सिजनचा रेणू इलेक्ट्रॉन पकडून फुटतो आणि फुटलेला एक अणू नंतर लाल उजेड देतो. तिसरा प्रकार हायड्रॉक्सिलचा, म्हणजे एक हायड्रोजन एक ऑक्सिजन, तो ८७ किमीला जेमतेम ८ किमी जाडीच्या थरातून येतो आणि सगळ्यांत तेजस्वी असतो, पण त्याचा बराचसा उजेड इन्फ्रारेडमध्ये असल्यामुळे डोळ्याला दिसत नाही. (गिरवलीच्या आयुकाच्या दुर्बिणीसारख्या ठिकाणी बसलेल्या खगोलवाल्यांना हाच हायड्रॉक्सिल म्हणजे डोक्याला ताप, ते तो फोटोतून वजा करून फेकतात. आमचं पोट त्या कचऱ्यावर चालतं.)

यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे या अणूंची दिरंगाई. साध्या दिव्यातला अणू ऊर्जा मिळाली की सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात चमकून मोकळा होतो. हिरवावाला पाऊण सेकंद थांबतो, आणि लालवाला तर जवळजवळ दोन मिनिटं ऊर्जा धरून बसतो. या दोन मिनिटांत तो आजूबाजूच्या अणूंना धडकत राहतो आणि त्यांच्या वळणावर जातो, म्हणजे शेजारी ज्या वेगाने वाहतायत त्याच वेगाने वाहायला लागतो, ते जितके गरम तितकाच गरम होतो. म्हणून शेवटी जेव्हा तो चमकतो तेव्हा त्या उजेडात तिथल्या हवेचा वारा आणि तापमान दोन्ही लिहिलेलं असतं. फार खाली, दोनशे किमीच्या बरंच खाली, हवा दाट झाली की धडका इतक्या होतात की चमकायच्या आधीच ऊर्जा काढून घेतली जाते, म्हणून लाल थर आपोआप वरच राहतो. नाहीतर उजेड कुठल्या उंचीचा हे कळायची काही सोय नव्हती.

आता मोजणं. डॉप्लर शाळेत झालाय, शिट्टीचं उदाहरण परत देत नाही. वारा आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्याकडे सरकते, लांब जात असेल तर लालकडे. आणि अणू गरम असतील तर सगळ्या दिशांना जोरात पळत असतात त्यामुळे रेषा रुंद होते. म्हणजे रेषेच्या जागेवरून वारा, जाडीवरून तापमान. ऐकायला सोपं आहे पण आकडे बघा. सेकंदाला १०० मीटर वारा असेल, जो वादळापेक्षा जास्त झाला, तरी लाल रेषा सरकते फक्त ०.०००२ नॅनोमीटर. जाडी त्या मानाने बरी, १००० केल्विनला लाल रेषा साधारण ०.००३६ नॅनोमीटर रुंद, आणि खालच्या ९७ किमीच्या थंडीत, २०० केल्विनला, हिरवी ०.००१४. तुमच्या कॅमेऱ्याच्या हिरव्या पिक्सेलवरचा फिल्टर अंदाजे १०० नॅनोमीटर रुंद असतो. म्हणजे जे शोधायचंय त्याच्या पाच लाख पट. तेव्हा कॅमेऱ्याने वारा मोजता येईल का याचं उत्तर इथेच संपलं, पण थांबा, बाकी गंमत आहे, शेवटी सांगतो.

इतकं बारीक सरकणं पकडायला फॅब्री-पेरो नावाचं यंत्र लागतं, शार्ल फॅब्री आणि आल्फ्रेड पेरो या दोन फ्रेंच लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी काढलेलं. दोन अतिशय सपाट काचा, आतून अर्धवट आरसा केलेल्या, समोरासमोर अगदी समांतर, मध्ये समजा १ सेंटीमीटर फट. या जोडीला एटॅलॉन म्हणतात. उजेड फटीत मागे-पुढे आपटत राहतो आणि बाहेर पडताना वर्तुळांचे कडे तयार होतात, पाण्यात दगड टाकल्यासारखे. वारा लांब जात असेल तर कडं किंचित आकसतं, जवळ येत असेल तर फुगतं, आणि तापमान वाढलं की कड्याची रेघ जाड होते. हॅरोल्ड बॅबकॉकने १९२३ साली याच पद्धतीने हिरव्या रेषेची तरंगलांबी आणि जाडी मोजली, तोवर ती रेषा कोणाची हेसुद्धा धड माहीत नव्हतं, दोन वर्षांनी मॅकलेनन आणि श्रम यांनी ती ऑक्सिजनची म्हणून दाखवली. पुण्यातसुद्धा विद्यापीठात प्रा. चिपळूणकरांच्या काळापासून रात्रीच्या आकाशाचा उजेड मोजायचं काम झालेलं आहे. तेव्हा आकाशही काळं असणार, आता बाणेर-बावधनच्या वरती काय आहे ते तुम्ही बघताच.

पण खरी मारामारी सरकणं पकडण्यात नाही. ते आजकाल चांगला सीसीडी (कॅमेऱ्याचा सेन्सर) आणि चांगली काच असली की जमतं. खरी मारामारी शून्यात आहे. रेषा *कुठून* सरकली? वारा शून्य असताना कडं कुठे असतं हे कोण सांगणार?

तुम्ही म्हणाल की लॅबमध्ये तोच लाल दिवा लावा आणि बघा. नाही लावता येत. तो अणू दोन मिनिटं शांत बसला तर चमकणार, आणि दिव्याच्या नळीत दोन मिनिटं कुठली, तो लगेच दुसऱ्या कोणाला तरी किंवा भिंतीला धडकून ऊर्जा घालवून बसतो. म्हणजे आकाशात जो उजेड फुकट मिळतो तो खाली बनवताच येत नाही. मग आम्ही जुगाड करतो. मशीन आधी सरळ डोक्यावर बघतं, आणि आपण धरून चालतो की उभा वारा रात्रभराच्या सरासरीत शून्य आहे. किंवा पूर्वेला आणि पश्चिमेला बघायचं, एकीकडे वारा लांब जाणार दुसरीकडे जवळ येणार, दोघांचं मधलं ते शून्य. हे गृहीतकच आहे, आणि बऱ्याच रात्री बरोबर असतं, पण वादळी रात्री, म्हणजे चुंबकीय वादळ चालू असताना, उभा वारासुद्धा बऱ्यापैकी वाहतो आणि मग तुमचं शून्यच वाहून जातं. कोणाचाही वाऱ्याचा ग्राफ हातात आला की मी पहिलं हेच विचारतो, शून्य कुठून घेतलं? उत्तर देताना समोरचा अडखळला तर ग्राफ बाजूला.

शिवाय मशीनचं स्वतःचं सरकणं वेगळंच. हिशोब करून बघा, १ सेंटीमीटरच्या फटीत ०.३३ नॅनोमीटर फरक पडला, म्हणजे जेमतेम एका अणूएवढा, तर सेकंदाला १० मीटरचा खोटा वारा दिसतो. काचांमधल्या हवेचं असंच. चेंबर उघडं असेल आणि हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर ८० मीटरच्या वर खोटा वारा, आणि १ हेक्टोपास्कल म्हणजे काय, पुण्यात रोज दिवसभरात दाब त्याच्या दुप्पट-तिप्पट वर-खाली होतो. म्हणून एटॅलॉन सीलबंद डब्यात ठेवतात, मधली फट राखणारे स्पेसर झेरोडूरसारख्या जवळजवळ न पसरणाऱ्या काचेचे असतात, आणि दर थोड्या वेळाने ६३२.८ नॅनोमीटरचा स्थिर केलेला हीलियम-निऑन लेझर दाखवून कडं किती सरकलं ते बघतात. लेझर शून्य सांगत नाही, फक्त मशीन किती हललं ते सांगतो, या दोन गोष्टींत नवीन पोरं हमखास घोळ करतात.

आम्ही पण केलाय. एका जुन्या साइटवर आम्हाला लाल रेषेत दर वीस मिनिटांनी वर-खाली होणारा सुंदर वारा दिसायला लागला. काय आनंद झाला म्हणून सांगू, गुरुत्व तरंग (म्हणजे खालून वर जाणाऱ्या हवेच्या लाटा) सापडले, पेपरचं टायटल पण ठरलं. तिसऱ्या रात्री आमचा टेक्निशियन चहा घेऊन आला आणि म्हणाला, सर, एसीचा कंप्रेसर पण वीस मिनिटांनीच चालू-बंद होतोय. झालं. लेझर आम्ही तासाला एकदा घेत होतो त्यामुळे मधलं हलणं दिसतच नव्हतं. लेझर दर पाच मिनिटांनी घ्यायला लागलो आणि तरंग गेले, टायटल गेलं, चहा तेवढा राहिला.

दुसरा शत्रू ढग, आणि तो लोक समजतात तसा नाही. लोकांना वाटतं ढग आला की उजेड बंद, डेटा नाही, संपलं. तसं असतं तर सोपं होतं. पातळ ढग असला की तो सगळ्या आकाशाचा उजेड विखरून तुमच्याकडे पाठवतो, पूर्वेचा पण पश्चिमेचा पण, सगळा मिसळून, आणि कडी छान दिसतात, सिग्नल छान दिसतो, फक्त वारा शून्याकडे झुकलेला असतो. म्हणजे मशीन बिनदिक्कत खोटं बोलतं. त्यासाठी शेजारी ढग ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर ठेवतात, स्वच्छ आकाश त्याला खूप थंड दिसतं आणि ढग आला की ऊबदार. पुण्यात जून ते सप्टेंबर तर विसराच, पण एप्रिल-मे मध्येसुद्धा वळिवाच्या आधीचे पातळ ढग फार फसवतात. शिवाय डोमवर कबुतरं.

आता पुण्यातून बघितलं तर नेमकं कुठलं आकाश मोजलं जातं ते सांगतो, कारण हे कळलं की बरेच गैरसमज जातात. मशीन ४५ अंशात तिरपं लावलं तर उंची जितकी तितकंच आडवं अंतर. म्हणजे हिरव्या रेषेसाठी पश्चिमेला बघितलं की आपण अलिबागच्या वरचा वारा मोजतोय, दक्षिणेला साताऱ्याच्या वरचा. लाल रेषेसाठी तेच अंतर २५० किमी, पश्चिमेला आत अरबी समुद्रात, दक्षिणेला कोल्हापूर ओलांडून निपाणी-बेळगावच्या बाजूला, उत्तरेला जवळजवळ धुळ्यापर्यंत. पूर्व आणि पश्चिमेच्या ठिपक्यांत ५०० किमी अंतर, आणि आपण म्हणतो की दोन्हीकडे वारा सारखाच. शांत रात्री चालतं. शिवाय तिरपं बघितल्यामुळे १०० मीटरच्या आडव्या वाऱ्यातले ७१ मीटरच आपल्या दिशेने दिसतात, बाकी हिशोबाने काढावे लागतात. तिरपं जास्त केलं तर हा तोटा कमी होतो पण मग शहराचा उजेड आत येतो. पुण्यात त्याला इलाज नाही, जुने पिवळे सोडियमचे दिवे होते ते तरी एका जागी असायचे, आता पांढरे एलईडी सगळ्या रंगांत थोडं थोडं सांडतात.

आणि पुण्याच्या वरची हवा काही साधीसुधी नाही. चुंबकीय विषुववृत्त भारतात पार दक्षिण टोकाला तिरुनेलवेलीच्या बाजूने जातं आणि आपण त्याच्या थोडे उत्तरेला, त्यामुळे रात्री तिकडून वर उठणारे, विद्युतभारित कण फार कमी असलेले बुडबुडे, प्लाझ्मा बबल म्हणतात त्यांना, आपल्या डोक्यावरून जातात. लाल रेषेच्या फोटोत ते उत्तर-दक्षिण काळे पट्टे म्हणून पूर्वेकडे सरकताना दिसतात. जीपीएस रात्री नऊ-दहाला वेडंवाकडं वागणं किंवा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत सिग्नल थरथरणं यामागे हेच आयनोस्फिअर, म्हणजे वरच्या हवेचा विद्युतभारित थर, असतं. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एअरग्लोची उपकरणं यासाठीच चालवली गेली आहेत. पण बबलमध्ये लाल उजेडच कमी, त्यामुळे जिथे गोष्ट सगळ्यांत रंगते नेमकं तिथेच वाऱ्याची चूक वाढते. मध्यरात्रीच्या सुमाराला अजून एक प्रकार होतो, तापमान रात्रभर उतरत जायच्या ऐवजी मध्येच दहा-वीस नाही तर कधी शंभर केल्विनने वर चढतं. सूर्य नाही, काही नाही, फक्त खालून वर आलेल्या, हवेतल्याच भरती-ओहोटीच्या लाटा एकत्र येऊन हवा दाबतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मशीनच बिघडलं म्हणून स्क्रू पिळत बसलो होतो.

तापमान म्हटल्यावर एक सांगतो, २५० किमीवर १००० केल्विन म्हणजे तिथे हात घातला तर भाजेल असं नाही. अणू जोरात पळतायत पण संख्येने इतके थोडे की ऊब द्यायला कोणी नाही.

सॅटेलाइटने हे काम अजून चांगलं होतं का, तर हो आणि नाही. १९९१ च्या युएआरएस सॅटेलाइटवर विंडी आणि एचआरडीआय ही वारा मोजणारी दोन उपकरणं होती, मग २००१ ला टाइम्ड, आणि २०१९ ला नासाचा आयकॉन, ज्याचा संपर्क २०२२ मध्ये तुटला. सॅटेलाइट थराकडे बाजूने बघतो त्यामुळे कुठल्या उंचीवर किती वारा हे वेगळं काढता येतं, खालून आम्हाला पूर्ण थराची एकच सरासरी मिळते आणि थर रात्रीत दहा-वीस किमी वर-खाली झाला तरी आम्हाला पत्ता लागत नाही. पण सॅटेलाइट पुण्यावरून भुर्रकन निघून जातो. संध्याकाळी सात ते पहाटे पाच एकाच जागेवर डोळा लावून बसायचं काम जमिनीवरचंच.

आता तुमचा कॅमेरा. वारा नाही जमणार ते वर झालं. पण फोटोतले ते पट्टे म्हणजे गुरुत्व तरंग, खाली सह्याद्रीवरून किंवा मोठ्या ढगांवरून उठलेले, वर जाता जाता मोठे झालेले, आणि त्यांचा टाइमलॅप्स तुम्ही नक्की करू शकता. रुंद लेन्स, १५-२० सेकंदांचे फोटो लागोपाठ दोन तास, ताऱ्यांवरून दिशा आणि कोन ठरवा, थर ९७ किमीवर आहे असं धरून पट्ट्यांमधलं अंतर आणि सरकण्याचा वेग काढा. अंतर वीस-चाळीस किमी आणि वेग सेकंदाला तीस-साठ मीटर अशा घरात आलं तर बरोबर चाललंय. फक्त तो वेग वाऱ्याचा म्हणून कुठे लिहू नका. तो लाटेचा वेग आहे. खडकवासल्याच्या पाण्यावर लाट पूर्वेला जाते म्हणून पाणी पूर्वेला जात नाही, तसंच, तरंग वाऱ्याच्या उलटासुद्धा जाऊ शकतो आणि बऱ्याचदा जातोच.

आणि तापमान मात्र, हो, घरी जमण्यासारखं आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हायड्रॉक्सिलच्या बाबतीत रेषेची जाडी मोजायची गरजच नाही. त्या रेणूच्या गिरक्या घेण्याच्या पायऱ्या असतात, हवा गरम असली की जास्त रेणू वरच्या पायऱ्यांवर जातात, त्यामुळे नुसती दोन रेषांच्या तेजाची तुलना केली की तापमान निघतं. ८४० ते ८४७ नॅनोमीटरच्या मध्ये तीन चांगल्या सुट्या रेषा आहेत, अर्धा-एक नॅनोमीटर वेगळं करू शकणारा छोटा स्पेक्ट्रोग्राफ, थंड केलेला मोनोक्रोम कॅमेरा आणि प्रत्येक फोटोला दहा-पंधरा मिनिटं, बास. २०० केल्विनच्या आसपास तापमान १ केल्विनने हललं की हे गुणोत्तर साधारण अर्धा टक्का हलतं, म्हणजे तुमच्या सेन्सरचा त्या दोन रंगांना मिळणारा प्रतिसाद एका टक्क्याच्या आत माहीत हवा, ते काम कंटाळवाणं आहे पण साध्या हॅलोजन बल्बवर करता येतं. एकूण आकडा पाच-दहा केल्विनने इकडे-तिकडे येईल कारण हिशोबाला लागणारे रेणूचे स्थिरांक कोणाचे घेतले त्यावर ते अवलंबून असतं, प्रोफेशनल लोकांचंही तेच होतं. पण रात्रभरातला चढ-उतार खरा असतो. उणे ऐंशी अंशांच्या घरात कुठेतरी आकडा आला तर घाबरू नका, ८७ किमीवर तेवढीच थंडी असते.

जागा म्हणाल तर राजमाचीपेक्षा जुन्नरच्या पलीकडे नाणेघाटाच्या बाजूला जा, जानेवारीत अमावस्येच्या आसपास, कॅमेरा पश्चिमेऐवजी उत्तरेला लावा म्हणजे मुंबई-कल्याणचा उजेड कडेला राहील, आणि दव फार पडतं, लेन्सला हीटर बांधा.